वाण लागला की गुण? 'टिंक्चर' या एका शब्दाविषयी

चूक माझीच होती, आणि ती एका शब्दाची होती.

मेडिकल दुकानदारांसाठीच्या एका अ‍ॅपचं मराठीकरण चाललं होतं. अशा कामात शब्दांची एक लांबलचक फाइल असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामी जागा. टॅबलेट, कॅप्सूल, सिरप, ऑइंटमेंट असे औषधांचे प्रकार एकाखाली एक. गोळी, कॅप्सूल, पातळ औषध, मलम असं भरत मी खाली आले आणि 'टिंक्चर'पाशी थांबले. मशीनने आपणहून 'रंगछटा' सुचवलं होतं. मी हसले, ते खोडलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने 'अर्क' असं लिहून पुढे गेले.

दोन दिवसांनी टेस्टिंग करणाऱ्या मैत्रिणीचा मेसेज आला. ती बार्शीची. स्क्रीनशॉटमध्ये 'आयोडीन अर्क' असं दिसत होतं आणि खाली तिने विचारलं होतं, "अगं, हे किती थेंब घ्यायचं? पाण्यातून का?"

ती चेष्टा करत नव्हती. तिच्या घरात अर्क म्हणजे ओव्याचा अर्क. पोटात दुखायला लागलं की आजी पाण्यात चार थेंब टाकून देणार. अर्क ही प्यायची गोष्ट. आणि आयोडीनचं टिंक्चर पोटात गेलं तर तोंडापासून जठरापर्यंत सगळं भाजून निघतं. ते जखमेवर, कातडीवर लावायचं औषध आहे. अ‍ॅप अजून लोकांच्या हातात गेलं नव्हतं म्हणून निभावलं. पण तो मेसेज वाचल्यावर मी बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत बसले. माझ्यापेक्षा मशीनचं 'रंगछटा' बरं होतं. निदान ते कोणी प्यायलं नसतं.

तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. कोश उघडला की तो तुकड्यातुकड्यांनी भेटतो. एक, रंग. दोन, औषधी द्रावण. तीन, एखाद्या गोष्टीची पुसट झाक. चार, युरोपातल्या घराण्यांच्या ढालीवरचे रंग. पाच, किमयागारांचा परीस. कोशातले हे आकडे बघून आमच्या धंद्यातल्या माणसाला वाटतं, चला, पाच वेगळ्या किंमती आहेत, योग्य ती निवडली की झालं. या लेखाचं म्हणणं असं की ही समजूतच चुकीची आहे. या पाच गोष्टी नाहीत. एकच प्रश्न पाच धंद्यांतल्या लोकांनी विचारला आहे, आणि पाचांची उत्तरं वेगळी आहेत.

तो प्रश्न मराठीत आधीपासूनच आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे वाण म्हणजे संक्रांतीला लुटतात ते नव्हे. हा वाण 'वर्ण'पासून आला, म्हणजे रंग. पांढऱ्या बैलाशेजारी तांबडा बैल बांधला, रंग काही उतरला नाही, पण खोड उतरली. एक गोष्ट दुसरीला लागते तेव्हा नेमकं काय लागतं? वरचा रंग, की आतला गुण? 'टिंक्चर' हा शब्द गेली दोनेक हजार वर्षं याच प्रश्नाभोवती फिरतो आहे.

रंगाऱ्याचं पिंप

मूळ लॅटिन. 'टिंगेरे' म्हणजे बुडवणे, भिजवणे, आणि त्यातूनच रंगवणे. कापड रंगाच्या पिंपात बुडवायचं आणि बाहेर काढायचं, ही त्यामागची कृती. इंग्रजीतले टिंट आणि टिंज हे याच घरातले. स्पॅनिश लोक रेड वाइनला 'व्हिनो टिंटो' म्हणतात, म्हणजे रंगलेली वाइन. सोळाव्या शतकातला व्हेनिसचा मोठा चित्रकार तिंतोरेत्तो, त्याचंही हे खरं नाव नाही. त्याचे वडील कापड रंगवायचे, म्हणून हा 'छोटा रंगारी'.

ग्रीकमध्येही अशीच जोडी आहे. 'बाप्तेइन' म्हणजे बुडवणे, आणि रंगवणेही. त्याच्याच कुळातला एक शब्द मराठी बायबलमध्ये जवळजवळ जसाच्या तसा आला आहे: बाप्तिस्मा. पाण्यात बुडालेला माणूस बाहेर येतो तेव्हा दिसायला तोच असतो. तरी तो बदललेला आहे असं मानणं, हाच त्या विधीचा अर्थ. वाण नाही, गुण.

म्हणजे रंगाऱ्याचं पिंप ही साधी जागा नाही. कापड आत जातं एक आणि बाहेर येतं दुसरं. ते खरंच दुसरं झालं का, हा प्रश्न रंगाऱ्याला पडत नाही. पक्का रंग म्हणजे धुतल्यावर न जाणारा रंग, एवढं त्याचं उत्तर सरळ आहे. बाकीच्यांना ते पुरलं नाही.

पिवळं झालं म्हणजे सोनं झालं?

इजिप्तमधल्या थीब्झ इथे सापडलेले दोन जुने पपायरस आहेत, साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकातले. एक आज लायडनला आहे, दुसरा स्टॉकहोमला. त्यांत कृतीच कृती लिहिल्या आहेत. पहिल्यात मुख्यतः धातूंच्या: हलक्या धातूला सोन्याचांदीसारखं कसं दिसवायचं. दुसऱ्यात नकली रत्नं कशी करायची आणि लोकर कशी रंगवायची. धातू आणि लोकर या कृती एकाच परंपरेत शेजारीशेजारी नांदतात, कारण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने काम एकच होतं. रंग चढवणे.

पुढे किमयागारांनी याच कल्पनेला तत्त्वज्ञान दिलं. शिशाला सोन्यात बदलणारं जे द्रव्य ते शोधत होते, त्याला त्यांनी दिलेल्या नावांपैकी एक होतं टिंक्चर. आज आपण त्यांना हसतो, पण त्यांचा तर्क समजून घेतला तर तो वेडेपणाचा नाही. आपण वस्तू ओळखतो ती तिच्या गुणांवरून. सोनं म्हणजे पिवळं, जड, न गंजणारं. यातले सगळे गुण एकेक करून दुसऱ्या धातूला लावता आले, तर सोनं व्हायचं राहिलं काय? रंग हा त्यांच्या लेखी वरचा लेप नव्हता. तो आतल्या स्वभावाची खूण होता. वाण लागला की गुण लागलाच.

पदार्थाची ओळख रंगाहून खोल असते, अणूच्या गाभ्यात असते, हे कळायला विसावं शतक यावं लागलं. पण किमयागारांची समजूत आपल्यातून गेली असं मला वाटत नाही. फोटोला फिल्टर लावून आपण स्वतःच्या चेहऱ्याबद्दल जे मानून घेतो, ते याच जातीचं आहे.

औषधवाल्याची बाटली

औषधवाल्याने शब्द तोच ठेवला आणि दिशा उलटी केली. रंगारी रंग वस्तूत घालतो. औषधवाला वस्तूतून गुण बाहेर काढतो. साल, मूळ, पान जे असेल ते अल्कोहोलमध्ये भिजत घालायचं, काही दिवस ठेवायचं, गाळायचं. जुना प्रघात असा की जहाल वनस्पती असेल तर एक भाग वनस्पतीला दहा भाग द्रावण, साधी असेल तर एकाला पाच. गाळून उरतं ते टिंक्चर. भिजवताना सगळ्यात आधी दिसतो तो रंग. अल्कोहोल तपकिरी, हिरवं, लालसर होऊ लागतं. गुण डोळ्यांना दिसत नाही, रंग दिसतो, म्हणून नाव रंगावरून पडलं.

आता माझी चूक काय होती ते नीट सांगता येईल. अर्क हा शब्द अरबीतून आला. 'अरक' म्हणजे घाम. भट्टीवर उकळायचं, वाफ वर जाते, थंड होते आणि घामाच्या थेंबांसारखी टपकते. शास्त्राने अर्क म्हणजे हे टपकलेलं. वाफेबरोबर वास येतो, तेल येतं, पण रंग खालच्या भांड्यातच राहतो. म्हणून गुलाबाचा अर्क गुलाबी नसतो. ज्या प्रक्रियेत रंग सगळ्यात आधी बाहेर येतो तिला मी अशा प्रक्रियेचं नाव दिलं, जिच्यात रंग मागेच राहतो.

यावर कोणी म्हणेल की लोक एवढ्या काटेकोरपणे बोलत नाहीत. बरोबर आहे. शेतकरी निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क म्हणतात, ते पाण्यात भिजवून गाळलेलं असतं आणि पिकावर फवारायचं असतं. म्हणजे अर्क हा शब्द एका घरात पोटात जातो आणि दुसऱ्या घरात फवारणीच्या पंपात. औषधाच्या बाटलीवर तो लावू नये याला याहून मोठं कारण कोणतं?

गंमत अशी की ज्या बाटलीवरून हे सुरू झालं, ते आयोडीनचं टिंक्चर काटेकोर अर्थाने टिंक्चरही नाही. तिथे भिजवून गाळायचं काही नसतं. आयोडीन अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, एवढंच. पण नाव त्याच्याइतकं कोणालाच शोभत नाही. १८११ साली बर्नार कूर्तवा या फ्रेंच माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करताना जांभळ्या वाफा दिसल्या. या मूलद्रव्याचं नावच जांभळ्या रंगासाठीच्या ग्रीक शब्दावरून पडलं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर टाकलेला थेंब काळानिळा व्हायचा, तो हाच. आणि बोटावर पडलेला तपकिरी डाग म्हणजेच जंतू मारणारं आयोडीन. इथे रंग आणि औषध एकच आहे. बाकी टिंक्चरांत रंग ही गुणाची सावली असते. इथे वाण हाच गुण. जखम रंगली म्हणजे औषध लागलं, हा आपल्या आज्यांचा हिशोब निदान या एका बाटलीपुरता तंतोतंत खरा होता.

दुसऱ्या एका बाटलीने साहित्यात नाव काढलं. अफूचं टिंक्चर, म्हणजे लॉडनम. टॉमस डी क्विन्सीचं अफूबाजाचं आत्मकथन १८२१ साली छापून आलं. त्यात तो आपली खोली रंगवून दाखवतो: बाहेर थंडी, आत शेकोटी, चहा, पुस्तकं आणि काचेच्या सुरईत माणकासारखं लाल लॉडनम. दुरून बघणाऱ्याला वाटावं वाइनच आहे. सगळं पुस्तक मला या सुरईत दिसतं. वाण घरगुती संध्याकाळचा, गुण अफूचा. पुढे दुःस्वप्नांची प्रकरणं येतात तेव्हा आपण दचकतो, कारण रंगाने आपल्याला आधीच फसवलेलं असतं.

ढालीवरचे रंग

युरोपातल्या सरदार घराण्यांच्या चिन्हांमध्ये रंगांना टिंक्चर म्हणतात. दोन धातू, सोनं आणि चांदी. मग लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. आणि काही केसाळ कातड्यांच्या नक्षी. मुख्य नियम एकच: धातूवर धातू ठेवू नये, रंगावर रंग ठेवू नये. लांबून ढाल ओळखू यावी, हा त्याचा हेतू. स्क्रीनवर करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरं ठेवणाऱ्या डिझायनरशी भांडलेल्या कोणालाही हा नियम लगेच पटेल. जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीने तो उघडपणे मोडला. चांदीवर सोन्याचे क्रूस.

इथली खरी मजा म्हणजे रंगाची छटा महत्त्वाची नसते. डाळिंबी असो की शेंदरी, ढालीवर तो 'लाल'च. १६३८ साली पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइटाच्या पुस्तकाने रंगांसाठी रेघांची पद्धत रूढ केली, कारण छपाई काळ्या शाईत व्हायची. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी. रंग न वापरता रंग सांगायचा. हा शुद्ध कोड आहे. टिंक्चर या शब्दातून इथे गुण पूर्ण गळून गेला आणि वाणाचंही फक्त नाव उरलं.

सीझरचं रक्त

या सगळ्या अर्थांना एका जागी आणणारा प्रसंग शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये आहे. दुसऱ्या अंकात कॅल्पुर्नियाला स्वप्न पडतं: सीझरचा पुतळा कारंज्यासारखा रक्ताने वाहतो आहे आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात धुताहेत. ती नवऱ्याला घरीच थांब म्हणते. तेव्हा कटातला डेसियस येतो आणि स्वप्नाचा अर्थ फिरवतो. रोमला तुझ्या रक्तातून नवं जीवन मिळेल, थोर माणसं तुझ्याकडे काही मागायला गर्दी करतील, असं तो सांगतो. काय मागायला, याची तो चार शब्दांची यादी देतो. पहिला शब्द टिंक्चर. मग डाग, अवशेष आणि ओळखीचं चिन्ह.

सॅम्युअल जॉन्सनने आपल्या टीपेत या भाषणाला मुद्दाम फुगवलेलं आणि काहीसं गोंधळलेलं म्हटलं. त्याच्या मते इथे दोन कल्पना मिसळल्या आहेत. एक राजाची, जो घराण्यांच्या ढालींना नवे रंग बहाल करतो. दुसरी हुतात्म्याची, ज्याचे अवशेष लोक जपतात. विश्लेषण म्हणून हे नेमकं आहे. पण 'गोंधळ' या शब्दाशी मी भांडेन.

पहिलं म्हणजे जॉन्सनच्या हिशोबात औषध निसटलं. ज्या रक्ताने रोम पुन्हा जिवंत होणार, ते रक्त औषधही आहे, आणि टिंक्चर हा शब्द शेक्सपिअरच्या काळात किमयागारांच्या आणि वैद्यांच्या तोंडी होताच. दुसरं, हे भाषण कोणाचं आहे? एका खोटारड्याचं, ज्याला अर्ध्या तासात एका माणसाला मरणाच्या दारात नेऊन उभं करायचं आहे. त्याला असाच शब्द हवा, ज्यात मान, पावित्र्य, औषध आणि रक्त वेगळे काढता येणार नाहीत. सीझर मान ऐकतो. प्रेक्षक रक्त ऐकतात. गोंधळ डेसियसने घातला आहे, नाटककाराचा झालेला नाही.

आणि पुढच्या अंकात शब्दाची कृती होते. खून झाल्यावर ब्रूटस सोबत्यांना सांगतो, कोपरापर्यंत हात या रक्तात बुडवा आणि असेच बाजारात चला. त्याला वाटतं लोक हा रंग बघतील आणि त्यांना स्वातंत्र्य दिसेल. थोड्याच वेळात अँटनी त्याच लोकांना सांगतो की मृत्युपत्र ऐकलंत तर तुम्ही याच्या रक्तात रुमाल बुडवाल. कॅल्पुर्नियाचं स्वप्न आणि डेसियसचा अर्थ, दोन्ही खरे ठरतात. रक्त एकच, बुडवणंही एकच. ब्रूटसला वाटलं वाण दाखवला की लोक गुण ओळखतील. पण लागलेल्या रंगाचा गुण कोणता, हे लावणारा ठरवत नाही. बघणारे ठरवतात. ब्रूटसची शोकांतिका मला इथे दिसते.

मराठीत या जागी काय म्हणावं? 'रंग' म्हटलं तर पावित्र्य जातं. 'डाग' म्हटलं तर मान जातो. मला सुचतो तो शब्द 'टिळा'. रक्ताचा टिळा म्हटलं की मान आला, धर्म आला, खूण आली, आणि बोट रक्तात बुडवावं लागलं हेही आलं. औषध तेवढं सुटतं. पण जॉन्सनच्याही हातून ते सुटलंच होतं.

दारू म्हणजे काय

शब्दाचे अर्थ हा पुस्तकी विषय वाटत असेल तर मुंबईतलं एक प्रकरण बघा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. त्यातल्या दारूच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी यांच्यासोबत ज्यात अल्कोहोल आहे असा प्रत्येक द्रव धरलेला होता. म्हणजे टिंक्चर दारू, टॉनिक दारू, ओ-द-कोलोनही दारू. एफ. एन. बलसारा या मुंबईच्या नागरिकाने त्याला आव्हान दिलं. व्हिस्की-ब्रँडीपासून अल्कोहोलयुक्त औषधं आणि सुगंधी पाण्यापर्यंत सगळं बाळगायचा आणि वापरायचा हक्क त्याने मागितला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. व्याख्या टिकली, पिण्याच्या दारूवरची बंदीही टिकली. पण औषधं आणि प्रसाधनं वापरण्यावरची बंदी अवाजवी म्हणून रद्द झाली. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दारू म्हणून पिण्याजोगी नसलेली औषधं बंदीतून वगळली गेली.

बदल काय झाला ते बघा. आधी कायदा विचारत होता, यात अल्कोहोल आहे का? नंतर विचारू लागला, हे दारूसारखं पिता येईल का? घटक बघणं सोडून कायदा गुणाकडे आला.

पण गुण माणसांच्या हातात असतो. इंग्रजांच्या बोलीत दारूच्या पेल्याला गमतीने टिंक्चर म्हणतात. गढवालच्या डोंगरांत मात्र ती गंमत नव्हती. औषधाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या आणि नशेसाठी पिल्या जाणाऱ्या द्रवाला तिथे 'टिंचरी' म्हणत. घरं त्यात बुडत होती. एका संन्यासिनीने पौडीत टिंचरीचं दुकान पेटवून दिलं, आणि लोक तिला त्याच नावाने ओळखू लागले: टिंचरी माई. ज्याच्याविरुद्ध ती उभी राहिली त्याचंच नाव तिला चिकटलं. लॅटिन रंगाऱ्याच्या पिंपातून निघालेला शब्द डोंगरातल्या एका बाईच्या नावात येऊन थांबला, आणि तिथे तो शिवी राहिला नाही, आदर झाला.

होमिओपॅथीच्या दुकानात मात्र हाच शब्द उलट्या टोकाला भेटतो. 'मदर टिंक्चर' हे वनस्पतीचं मूळ, गडद रंगाचं द्रावण. त्यातून एकाला शंभर असं विरळ करत जायचं. बारा पायऱ्यांनंतर मूळ पदार्थाचा एक रेणूही सापडण्याची आशा जवळजवळ संपते. तीस पायऱ्यांचं औषध म्हणजे एकावर साठ शून्यं एवढी विरलता. ते पांढऱ्या गोळ्यांवर टाकतात. दावा असा की रंग गेला, पदार्थ गेला, तरी गुण राहिला. ढवळ्या-पवळ्याची म्हण याहून अक्षरशः कोणी घेतली नसेल. त्या गुणाचा भरवशाचा पुरावा नाही, हे मला सांगायला हवं. आमच्या घरातल्या डबीपुढे मात्र मी अजून ते बोललेले नाही.

औषधालाही नाही

मग मराठीत टिंक्चरला शब्द आहे की नाही?

संस्कृतने तर याच वाटेवर मोठं गाव वसवलं आहे. 'रंज्' म्हणजे रंगणे. त्यातून रंग, रंजन, रक्त, राग, अनुराग, आणि रंग उतरला की वैराग्य. 'कषाय' म्हणजे काढा, तुरट चव आणि संन्याशाच्या वस्त्राचा भगवा रंगही. जैन दर्शनात क्रोध, मान, माया, लोभ हे आत्म्याला चिकटणारे चार कषाय. काढा, रंग आणि मनाला लागलेला डाग हे सगळं एकाच शब्दात. टिंक्चरला एवढा जवळचा भाऊ दुसरा नसेल. पण आज मराठीत कषाय म्हटलं की तुरट चव आठवते, नाहीतर चहाला थट्टेने म्हटलेलं 'कषायपेय'. गोव्याकडे मसाल्याचं कषाय पितात. बाटलीवर हा शब्द चालणार नाही.

आयुर्वेदात एक कृती आहे, 'भावना देणे'. चूर्णात वनस्पतीचा रस घालायचा, तो मुरेपर्यंत आणि सुकेपर्यंत खलायचं, मग पुन्हा रस, पुन्हा खल. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात. टिंक्चर वस्तूतून गुण काढतं, भावना वस्तूत गुण मुरवते. मनातल्या भावनेलाही आपण हाच शब्द वापरतो, आणि ते मला बरोबर वाटतं. एकदा भिजून कोणी बदलत नाही. पुन्हा पुन्हा खलावं लागतं.

उरला तो 'पुसट झाक' हा अर्थ, ज्यासाठी मशीनने मला रंगछटा दिली होती. बर्ट्रांड रसेलच्या १९१२ च्या 'तत्त्वज्ञानाचे प्रश्न' या छोट्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तो या अर्थाने हा शब्द वापरतो. ज्या माणसात तत्त्वज्ञानाचं टिंक्चर मुळीच नाही, तो आपल्या काळाच्या आणि समाजाच्या पूर्वग्रहांत कैद राहून आयुष्य काढतो, असा त्या विचाराचा मथितार्थ. इथे 'छटा' किंवा 'झाक' ठेवून बघा. 'ज्याला तत्त्वज्ञानाची छटाही नाही.' वाक्य लगेच मरगळतं. छटा साडीला असते.

पण कोणीही मराठी माणूस इथे काय म्हणेल? ज्याच्याकडे तत्त्वज्ञान औषधालाही नाही.

हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. घरात साखर औषधालाही नाही. त्याच्याकडे विनोदबुद्धी औषधाला सापडायची नाही. म्हणजे औषधापुरतं, थेंबभर, जेवढं लागून गुण यावा तेवढंही नाही. आणि गुण येणे हेही आपण औषधाबद्दलच बोलतो. डॉक्टर बदलला आणि गुण आला. इंग्रजीला थोडकेपणा आणि औषध जोडायला टिंक्चर हा एक शब्द लागला. मराठीने तेच काम घरच्या वाक्प्रचारात केव्हाच करून ठेवलं होतं. मी ते फाइलच्या उजव्या बाजूला शोधत होते, कारण फाइलमध्ये शब्दापुढे शब्द लिहायचा असतो, वाक्प्रचाराला जागा नसते.

शेवटी फाइलमध्ये मी 'अर्क' खोडलं आणि 'टिंक्चर' असंच देवनागरीत लिहिलं. शेजारी एक नवी जागा मागून घेतली, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' या ओळीसाठी. मॅनेजर म्हणाले, हे मूळ यादीत नव्हतं. मी बार्शीचा स्क्रीनशॉट पुढे केला.

त्यांनी तो वाचला आणि मला विचारलं, "पण ओव्याचा खरंच पितात ना?"